काचेचा कठडा: कोणासाठी दिसणं, कोणासाठी सांभाळणं



आजच्या व्याख्यानाची सूचना वाचून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आता इंटिरियरवर बोलणार काय?" मी म्हटलं, नाही बाबा, मी माझ्याच विषयावर बोलणार आहे. घर आणि जग यांच्यामध्ये एक हद्द असते. ती कशाची असावी, ती कोणी ठरवावी आणि ती मोडली तर जबाबदार कोण, हे प्रश्न नीतिशास्त्राचेच आहेत. फरक एवढाच, की आज ती हद्द माझ्या घरात बारा मिलिमीटर जाडीच्या काचेची आहे.

आहे म्हणजे, होती. या मे महिन्यात एका दुपारी तीनच्या सुमारास बंदुकीचा बार निघाल्यासारखा आवाज झाला. आम्ही हिंगणघाटातच एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत जाऊन पाहिलं तर कठड्याची मधली काच जागेवर नव्हती. खाली पार्किंगमध्ये, जिथं संध्याकाळी पोरं सायकली फिरवतात, तिथं खडीसाखरेसारखा काचेचा सडा पडला होता. कोणाला लागलं नाही. चौकीदारानं अर्ध्या तासात सगळं झाडून पोत्यात भरलं. दोन दिवसांनी बिल्डरचा माणूस आला. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि निदान केलं, "गोटा मारला असन सर, कोण्या पोट्ट्यानं."

पारा पंचेचाळीसच्या पुढे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि पोट्ट्यानं तिसऱ्या मजल्यावर गोटा मारला! मी वाद घातला नाही. पण तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे, आणि तो माझ्या एका काचेपुरता नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाताना बघा, वर्धा, बुटीबोरी, नागपूर कुठंही बघा. गेल्या दहा-बारा वर्षांत नव्या इमारतींच्या दर्शनी बाजू काचेच्या गॅलऱ्यांनी भरल्या आहेत. त्यांचं कौतुक पुष्कळ झालं. आज थोडी समीक्षा करू.

आधी जुना कठडा काय काम करत होता ते आठवू या. भाषेपासूनच सुरुवात करतो. मराठीत सज्जा हा शब्द होता, मग घरात गॅलरी आली. बाल्कनी हा शब्दही होता, पण तो टॉकीजमध्ये. बाल्कनी म्हणजे महागडं तिकीट. घरातली ती गॅलरी. आता बिल्डरच्या पुस्तिकेनं बाल्कनी घरात आणली, आणि तिच्यासोबत तो महागड्या तिकिटाचा भावही आणला: इथं बसायचं आणि समोरचा देखावा बघायचा.

पण आपल्या गॅलरीत देखावा बघणं हे शेवटचं काम होतं. कठड्याला माणूस कोपर टेकायचा. गजांना दोरी बांधून कपडे वाळायचे, कठड्यावर गोधडी पडायची. भाजीवाला आला की टोपली दोरीनं खाली सुटायची. उन्हाळ्यात तिथं कुरड्या-पापडांचं वाळवण असायचं, आणि रात्री खाट. गजांच्या फटींतून वारा थेट खाटेवर यायचा. बाजूच्या घराशी बोलणं तिथूनच व्हायचं. आणि एक काम असं, की ज्याला नाव नाही: लाकडी जाळीच्या किंवा गजांच्या आडून बाईमाणसाला रस्ता दिसायचा, पण रस्त्याला ती पुरती दिसत नव्हती.

ही सगळी कामं एकाच वस्तूनं केली. ती वस्तू गावच्या सुतारानं सागवानाची केली किंवा लोहारानं लोखंडाची. मोडली तर त्यालाच हाक मारायची.

आता नवी वस्तू पाहू. तिला 'मॉड्युलर रेलिंग सिस्टिम' म्हणतात. तिचे ढोबळ तीन प्रकार आपल्याकडे दिसतात. पहिल्यात स्लॅबच्या कडेला अॅल्युमिनियमचं यू आकाराचं चॅनेल बोल्टनं बसवतात, त्यात काच उभी करतात आणि रबर-पाचरीनं घट्ट करतात. दुसऱ्यात स्टेनलेस स्टीलचे खांब असतात आणि मधे काच. तिसऱ्यात काचेला भोकं पाडून बटणासारख्या गोल चकत्यांनी ती स्लॅबच्या बाहेरच्या अंगाला अडकवतात. सगळे भाग कारखान्यातून तयार येतात, माणसं येतात, दोन दिवसांत मजला पुरा करून जातात. भाव रनिंग फुटाचा.

या वस्तूचे गुण मी नाकारत नाही. समीक्षकानं आधी गुणच सांगावेत. आडव्या पट्ट्यांच्या रेलिंगवर लहान मूल शिडीसारखं चढतं. काचेवर पाय ठेवायला जागा नाही. जागेवर वेल्डिंग नाही, त्यामुळे वेल्डिंगच्या सांध्यांचा गंज नाही. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. समुद्राकाठी उंच मजल्यावर वाऱ्याचा मारा ती अडवते. आमच्याच इमारतीत एक आजोबा चाकाच्या खुर्चीत असतात. पक्की विटांची पॅरापेट असती तर त्यांना फक्त आभाळ दिसलं असतं. काचेमुळे त्यांना बसल्या जागी रस्ता दिसतो, शाळेतून येणारी नातवंडं दिसतात. हे मोठं सुख आहे, आणि मी जे बोलणार आहे ते त्यांच्यासमोरही बोलता आलं पाहिजे.

तर या कठड्याचे दावे तीन आहेत. एक, त्यानं दिसतं. दोन, तो सुरक्षित आहे. तीन, त्याला देखभाल लागत नाही. एकेक तपासू.

पहिला दावा, दिसण्याचा. काचेला युरोपात एक तत्त्वज्ञान मिळालं होतं, ते माहीत असावं. १९१४ साली पॉल शेअरबार्ट या जर्मन लेखकानं काचेच्या वास्तुकलेवर एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी कोलोनच्या प्रदर्शनात ब्रुनो टाउटनं काचेचा मंडप उभा केला. या लोकांना वाटत होतं, की भिंती काचेच्या झाल्या तर माणसाचं मनही मोकळं होईल. पुढे १९३३ साली वॉल्टर बेन्यामिननं या विचाराला धार दिली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की काचेवर काही चिकटत नाही, तिच्यावर माणसाच्या मालकीच्या खुणा उमटत नाहीत, म्हणून ती गुपितांची आणि मालमत्तेची शत्रू आहे. पडदे, गालिचे, मखमली खुर्च्या यांनी गुदमरलेल्या श्रीमंत दिवाणखान्यांच्या विरोधात ते बंड होतं. बर्लिनच्या अंधाऱ्या, थंड खोल्यांमध्ये राहणाऱ्या माणसाला काच म्हणजे उजेडाची मुक्ती वाटली, तर त्यात चूक काय?

पण तो विचार हिंगणघाटात आणताना एक गोष्ट विचारायला हवी. आपल्याकडे उजेड कमी आहे काय? आपल्याकडे मुक्ती म्हणजे सावली. दुपारी चारला पश्चिमेचं ऊन गॅलरीत येतं तेव्हा साधी पारदर्शक काच बहुतेक ऊन आत येऊ देते आणि वारा मात्र अडवते. म्हणजे जे नको ते आत आणि जे हवं ते बाहेर. उभ्या माणसाच्या तोंडाला वारा लागतो. खुर्चीत बसलेल्या, खाटेवर पडलेल्या माणसाला लागत नाही. कूलर गॅलरीत ठेवायचा तर त्याच्या ताट्यांनाही मोकळी हवा हवी. विदर्भातल्या घराचं शहाणपण सावलीत आणि वाऱ्यात आहे, आणि हा कठडा दोन्हींच्या विरोधात उभा आहे.

आता बघण्याचं बघू. महाभारतात मयसभा आहे. मयासुरानं पांडवांना बांधून दिलेली. दुर्योधन तिथं आला, स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून त्यानं वस्त्रं वर उचलली, पाण्याला जमीन समजून त्यात पडला आणि स्फटिकाच्या बंद दाराला उघडं समजून त्यावर डोकं आपटलं. लोक हसले. पुढचा द्यूताचा अनर्थ या अपमानातून वाढला. ही गोष्ट आपण दुर्योधनाच्या मत्सराची म्हणून सांगतो. मला ती पारदर्शकतेचीही गोष्ट वाटते. जी हद्द दिसत नाही तिच्यावर माणूस आपटतो, आणि आपटताना त्याला बघणारे दुसरेच कोणी असतात. पारदर्शक जागेत बघणारा आणि दिसणारा सारखे नसतात.

बिल्डरच्या पुस्तिकेतला तो माणूस आठवा: हातात कॉफीचा कप, समोर डोंगर किंवा समुद्र. त्याच्याकडे उलट बघणारं कोणी नाही. आपल्या गॅलरीसमोर काय असतं? तीस फुटांवर समोरची इमारत आणि तिची काचेची गॅलरी. आपण त्यांना दिसतो, ते आपल्याला दिसतात. साडीच्या निऱ्यांपासून पायांतल्या चपलांपर्यंत. मग पहिल्या उन्हाळ्यात काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणी हिरवी जाळी बांधतं, कोणी दुधी फिल्म चिकटवतं, कोणी जुन्या फ्लेक्सचा बॅनर उलटा करून लावतं, कोणी बांबूची चिक सोडतं. आमच्या इमारतीत सोळा गॅलऱ्या आहेत. मी मोजलं: अकरा झाकलेल्या. म्हणजे पैसे काचेचे दिले आणि वापरतो हिरवी जाळी! हा लोकांचा अडाणीपणा नाही. मला तर ही लोकांनी केलेली सगळ्यात प्रामाणिक समीक्षा वाटते. घर त्यांनी विकत घेतलं, देखावा परत केला.

आणि जिथं झाकलेलं नाही तिथं काय झालं? आमच्या शेजारच्या वहिनी पूर्वी जुन्या घरी संध्याकाळी गॅलरीत तांदूळ निवडत बसायच्या. इथं बसत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "काका, सारं गाव बघते, कसं बसायचं?" गजांच्या आडून ती बाई जग बघत होती. काचेमागून जग तिला बघतं. कठड्याचं साहित्य बदललं आणि एका बाईची संध्याकाळची जागा गेली, हे कोणत्याही नकाशात दिसत नाही.

दुसरा दावा, सुरक्षिततेचा. इथं थोडं तांत्रिक बोलावं लागेल, पण ते समजून घेतलंच पाहिजे, कारण यात जीव गुंतलेला आहे.

'टफन्ड' काच कशी होते? साधी काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि थंड हवेचे झोत मारून पृष्ठभाग झपाट्यानं गार करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागून आकसू बघतो. त्यामुळे बाहेर कायमचा दाब आणि आत कायमचा ताण राहतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी पट मजबूत असते. पण ही मजबुती म्हणजे कायमची लढाई आहे, शांतता नाही. कडेला टवका उडाला, बोल्टचा धातू थेट काचेला टेकला, बसवताना पाचर जास्त ठोकली, तर ती लढाई एका क्षणात संपते आणि पूर्ण काचेचे बारीक चौकोनी तुकडे होतात.

एक कारण तर डोळ्याला दिसतही नाही. काच बनवताना कधी कधी निकेल सल्फाइडचा वाळूच्या कणाहून लहान खडा आत अडकतो. तापलेल्या अवस्थेत त्याचं एक रूप असतं. काच झटकन गार होते तेव्हा त्याला आपलं थंड रूप घ्यायला वेळच मिळत नाही. मग ते तो पुढच्या महिन्यांत, वर्षांत, सावकाश घेतो, आणि घेताना किंचित फुगतो. काचेच्या ताणलेल्या गाभ्यात तेवढं फुगणं पुरतं. कोणी हात न लावता काच फुटते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आयसीआय हाउस या १९५८ साली पूर्ण झालेल्या उंच इमारतीच्या काचा अशा फुटून पडू लागल्या. बॅलन्टाइन नावाच्या संशोधकानं १९६१ मध्ये त्यामागचं कारण म्हणून या खड्याकडे बोट दाखवलं. म्हणजे हे ज्ञान साठ वर्षांहून जुनं आहे.

उपायही जुने आहेत. एक म्हणजे 'हीट सोक' चाचणी. काच कारखान्यातच भट्टीत साधारण २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवायची; ज्यांच्यात असा खडा आहे त्यांतल्या बहुतेक तिथंच फुटतात. दुसरा उपाय लॅमिनेटेड काच. दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पारदर्शक थर चिकटवलेला असतो. फुटली तरी तुकडे थराला धरून राहतात, खाली बरसत नाहीत. त्यातही एक मेख आहे. नेहमीचा थर उष्णतेत मऊ पडतो. दोन्ही काचा टफन्ड असतील आणि दोन्ही फुटल्या, वर धरायला हातपट्टी नसेल, तर ती ओल्या चादरीसारखी दुमडून बाहेर पडू शकते. म्हणून वरून सलग हातपट्टी हवी किंवा थर जास्त कडक जातीचा हवा. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या गावात हे जास्तच लागू.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर कॅनडातल्या टोरांटो शहराकडे बघा. तिथं २०१० आणि २०११ च्या सुमारास नव्या कोऱ्या उंच इमारतींच्या बाल्कन्यांमधून काचा रस्त्यावर पडू लागल्या. फूटपाथ बंद करावे लागले. शेवटी ऑन्टारिओ प्रांतानं २०१२ मध्ये इमारतींच्या नियमांत कठड्यांच्या काचेसाठी वेगळी कलमं घातली, आणि स्लॅबच्या कडेबाहेर येणाऱ्या काचांसाठी लॅमिनेटेड काच आवश्यक केली. श्रीमंत, कायदेशीर, तपासणी करणाऱ्या शहराला हे काचा पडल्यावर सुचलं. आपण ती पुस्तिकेतली बाल्कनी घेतली. ते कलम घेतलं काय?

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. कठड्यावर किती आडवा रेटा धरून हिशेब करायचा, हे भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दिलेलं आहे. खाजगी घरातल्या गॅलरीसाठी दर मीटर लांबीला ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं पस्तीस किलो वजनाइतका रेटा. जिथं गर्दी जमू शकते अशा जागी, नाट्यगृह, शाळा वगैरे, २.२५ किलोन्यूटन. सहा पटींहून जास्त. या दोन आकड्यांकडे मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून बघतो तेव्हा मला त्यांत माणसाची दोन चित्रं दिसतात. एक, घरातला एकटा माणूस. दोन, गर्दी.

आणि आपली गॅलरी? ती वर्षातले तीनशे साठ दिवस पहिल्या चित्रात असते आणि पाच दिवस दुसऱ्या. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन रस्त्यावर निघतात तेव्हा वरच्या गॅलरीत घरचे, शेजारचे, गावाहून आलेले पाहुणे, सगळे कठड्याला रेटून उभे असतात. गणपती विसर्जनाला तसंच, रामनवमीच्या शोभायात्रेला तसंच, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला तसंच. मुख्य रस्त्यावरची प्रत्येक गॅलरी त्या दिवशी नाट्यगृह होते. मागचा पुढच्याच्या खांद्यावरून वाकतो. लोखंडी गज वाकला तर दिसतो, करकरतो, माणूस सावध होतो. काच वाकल्याची वर्दी देत नाही. हिशेब करणाऱ्यानं कोणतं चित्र धरलं, हे त्या गर्दीतल्या कोणालाच माहीत नसतं. माझा आग्रह साधा आहे: मिरवणुकीच्या रस्त्यावरची गॅलरी गर्दीचीच जागा समजून बांधा.

आता जबाबदारी. सुताराच्या काळात कठड्याला एक कर्ता होता. आता काच एका कारखान्याची, ती टफन्ड करणारा दुसरा, चॅनेल तिसऱ्याचं, बसवणारा फॅब्रिकेटर चौथा, नकाशावर सही पाचव्याची, विकणारा सहावा. प्रत्येकाचं काम बरोबर, आणि काच खाली. हे 'मॉड्युलर' शब्दाचं खरं तत्त्वज्ञान. वस्तूचे भाग सुटे करता येतात तसे जबाबदारीचेही सुटे होतात, आणि शेवटी जो भाग कोणाकडेच नसतो तो गोटा मारणाऱ्या काल्पनिक पोट्ट्याच्या माथी जातो. निकेल सल्फाइडनं फुटलेल्या काचेत फुटीच्या मुळाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे सापडतात. जाणकार त्यावरून कारण शोधतो. आमचे तुकडे पोत्यात गेले. पुरावा झाडून टाकला की निदान करणं सोपं होतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: कोणाची काच फुटली तर झाडू घेण्याआधी फोटो काढा.

तिसरा दावा, देखभाल लागत नाही. इथं मी एकच प्रश्न विचारतो. काचेची बाहेरची बाजू कोण पुसतं?

आपलं गाव कापसाचं. हंगामात जिनिंगची रुई हवेत असते, बाकी वर्षभर हायवेची धूळ. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग तर काचेवर आठ दिवसांत दिसतात. लोखंडी गजावर धूळ बसली तर कोणी तक्रार करत नाही. पुढच्या दिवाळीला रंग द्यायचा. काच मात्र स्वच्छ असेल तरच काच. आतली बाजू पुसता येते. बाहेरच्या बाजूसाठी हात कठड्यावरून बाहेर काढून, कमरेपर्यंत वाकावं लागतं. मी एका सकाळी खाली उभा होतो, तेव्हा वर पाहिलं. घरकाम करणाऱ्या एक मावशी स्टुलावर उभ्या राहून, अर्ध्या बाहेर वाकून काच पुसत होत्या. ज्या कठड्यानं माणसाला पडण्यापासून वाचवायचं, तो चकचकीत ठेवायला एक बाई रोज पडण्याच्या टोकाशी उभी राहते. उंच इमारतींना बाहेरून दोराला लटकून काच पुसणारी माणसं असतात, त्यांना पट्टे असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना कोण पट्टा देतं? आपल्या पारदर्शकतेची किंमत अशी एका न दिसणाऱ्या बाईच्या जिवावर चुकवली जाते. माझ्या दृष्टीनं या वस्तूवरचा हा सगळ्यात जड आक्षेप आहे. बाकीचे आक्षेप तंत्रानं सुटतील. हा आपल्या लक्षात येण्यानंच सुटेल.

कोणी म्हणेल, सर, तुम्हाला जुनंच हवं. नाही. सेवाग्राम आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून सगळ्यांनी बापूकुटीत राहावं, असं मी म्हणत नाही. आधुनिक, उंच इमारतीतसुद्धा गॅलरीचा विचार होऊ शकतो, याचा दाखला मुंबईतच उभा आहे. कंबाला हिलवरची कांचनजंगा, चार्ल्स कोरिया यांची, १९८३ ची. अठ्ठावीस मजले, बत्तीस घरं. कोरियांपुढे पेच असा होता, की मुंबईत समुद्राचा देखावा आणि वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. त्यांनी पुस्तिकेतल्यासारखं काचेचं तोंड पश्चिमेला केलं नाही. जुन्या बंगल्याला जसा भोवती व्हरांडा असे, तशी दोन मजले उंचीची खोल गच्ची कोपऱ्यात कोरली. ऊन आणि पाऊस आधी त्या खोल सावलीत थकतात, मग घरापर्यंत पोचतात. देखावा मिळाला, आणि घर उघडं पडलं नाही. श्रीमंतांची इमारत आहे, कबूल. पण खोली आणि सावली यांचा तो विचार काही श्रीमंतांचा नाही. तो आपल्या ओसरीचाच आहे.

मग बिल्डर तसं का करत नाही? कारण गॅलरीचा हिशेब जागा म्हणून होत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानं चटईक्षेत्राची व्याख्या केली, त्यात घराची स्वतंत्र बाल्कनी धरलेली नाही. ग्राहकाच्या फायद्याचीच ती व्याख्या. मुंबईत तर अनेक वर्षं बाल्कनीला चटईक्षेत्र निर्देशांकात सूट होती, आणि ती सूट घेऊन बाल्कन्या बंद करून खोल्यांना जोडल्या जात. २०१२ च्या सुधारणेनं बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे मोजणीत आणलं. कायदा गॅलरी चौरस मीटरमध्ये मोजतो, पुस्तिका ती चित्रात मोजते. तिथं कोण बसेल, काय वाळेल, ऊन कुठून येईल, हे मोजणारं कोणी नाही. खोल गच्चीला स्लॅब लागतो, पैसा लागतो. उथळ गॅलरीला काच लावली की फोटोत ती मोठी दिसते.

१९५१ साली हायडेगरनं डार्मश्टाटच्या वास्तुकारांसमोर एक व्याख्यान दिलं होतं, बांधणं आणि राहणं यांच्या नात्यावर. त्यातली एक गोष्ट मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवली. तो सांगतो, की हद्द म्हणजे जिथं काही संपतं ती जागा नव्हे; ग्रीकांना कळलं होतं, की हद्दीपासून वस्तूचं असणं सुरू होतं. शिकवताना मी उंबरठ्याचं उदाहरण देत असे. काच फुटली त्या दिवशी मला कळलं, की कठड्याचं द्यायला हवं होतं. कठडा असतो म्हणून त्याच्या अलीकडे बसणं सुरू होतं. जो कठडा आपण नाहीच असं भासवतो, त्याच्या अलीकडे लोक बसायचं सोडतात.

आता कामाचं बोलतो. घर घेताना किंवा रेलिंग बसवताना पाच गोष्टी विचारा आणि लेखी घ्या. काच नुसती टफन्ड की लॅमिनेटेड? टफन्ड असेल तर हीट सोक झाली आहे काय? कठड्याचा हिशेब किती रेट्यासाठी केला, आणि त्यावर कोणत्या इंजिनिअरची सही आहे? वर सलग हातपट्टी आहे काय? आणि बाहेरची बाजू कोण, कशी पुसणार? पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल तर काच घेऊच नका. उभे गज घ्या, मुलांना चढता येणार नाही असे, मधे डोकं जाणार नाही इतक्या फटीचे. त्यांतूनही चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांना रस्ता दिसतो, वारा मिळतो आणि वहिनींना आडोसा मिळतो.

आमच्या गॅलरीत सध्या फुटलेल्या काचेच्या जागी प्लायवूड आणि बांबू बांधले आहेत. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे. तीन मतं आहेत. बिल्डर तशीच काच अर्ध्या किमतीत देतो, ती घ्यावी, हे पहिलं. सगळीकडे विटांची भिंत करावी, हे दुसरं. तिसरं माझं: रस्त्याकडच्या सर्व गॅलऱ्यांना उभे लोखंडी गज, आणि आजोबांच्या गॅलरीत, त्यांनी मागितली तर, हातपट्टीसह लॅमिनेटेड काच. विरोध असा आहे, की त्यानं इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसणार नाही. मी म्हटलं, अकरा गॅलऱ्यांवर अकरा रंगांच्या जाळ्या आहेत, तेव्हा एकसारखेपणाची काळजी कोणी केली?

माझं मत हरलं तरी एक ठराव मी मांडणारच आहे, आणि तो तुम्ही आपापल्या इमारतीत मांडावा अशी विनंती करतो: उद्यापासून काचेची बाहेरची बाजू पुसायला कोणत्याही मावशींना वाकायला लावायचं नाही. काच मळली तर मळू द्या.

आता प्रश्न विचारा.